साडूच्या हातचं सरबत

नागपुरात बर्फाचं सरबत पहिल्यांदा कोणी जमवलं ते मला माहीत नाही. माझ्या सासुरवाडीत ते मी जमवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या नात्यागोत्यात लग्नकार्य असलं, चार म्हातारे मांडवात एका बाजूला बसले, की कोणीतरी म्हणतोच, "काय सरबत करत होता गा तुझा साडू! ते चहाचं!" मग सगळे माना डोलावतात. मीही डोलावतो. मान डोलावताना आत काय होतं ते मी आजवर कोणापाशी बोललो नाही. आता साडू गेला, त्याची बायको गेली, माझीही गेली. लिहायला हरकत नाही. माझी शाळा मराठी दुसरीपर्यंत झाली, म्हणून शुद्धलेखनाची चूक असेल ती असेल. गोष्टीत चूक नाही.

राज्य इंग्रजांचं होतं आणि नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं. माझं इतवारीत फुलांचं दुकान. सासऱ्यांची बाग शहराच्या बाहेर, उमरेडच्या रस्त्याला. संत्र्याची झाडं, बांधाबांधाने मोगरा आणि विहिरीपाशी गावठी गुलाब. दुकानाची फुलं तिथूनच यायची. सासऱ्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली माझी बायको. त्यामुळे बागेत आणि घरात मोठे जवाई म्हणून जो मान होता तो माझा एकट्याचा होता. धाकटीचं लग्न व्हायचं होतं तोपर्यंत त्यात वाटेकरी नव्हता.

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसायचं फार थोडं. पण माणूस नाकानं बाग पाहायचा. बांधावरून हातात काठी घेऊन चालत जायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "इथं पाणी जास्त झालं, मुळं कुजून राहिली." खोदून पाहावं तर खरंच. असा माणूस. त्यांनी आपल्या कामाला चांगलं म्हणावं असं कोणाला वाटणार नाही? मला वाटत होतं. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या बापानं चांगलं म्हणावं असं मला कधी इतकं वाटलं नाही.

सासरे सिविल लाइनीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर फुलं पोचवत. साहेब विलायतेला परत जाताना मडमेनं सामान वाटून टाकलं, त्यात सासऱ्यांच्या वाट्याला एक लाकडी बकेट आली. जाड फळ्यांची, पितळी कड्यांची. तिच्या आत कथलाचा हात दिलेला लांब डबा, डब्यावर झाकण, आणि वरून फिरवायचा दांडा. घरी कोणाला कळेना की हे काय आहे. सासूबाई तिच्यात कांदे ठेवणार होत्या. मी म्हणालो, थांबा. बंगल्याचा खानसामा ओळखीचा होता, त्याच्याकडे तीन दिवस जाऊन बसलो आणि शिकून आलो.

रीत अशी. बर्फाची लादी कारखान्यातून आणायची, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. गोणपाटातच ती मोगरीनं फोडायची. बकेटीत डब्याच्या चारी बाजूंनी बर्फाचा एक थर, त्यावर खड्याच्या मिठाचा थर, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. डब्यात सरबत. मग दांडा फिरवायचा. आधी हात हलका चालतो, आत पाणी डुचमळतं. अर्ध्या पाऊण घंट्यानं आवाज बदलतो, किसल्यासारखी खरखर येते. मग हात जड होतो. दांडा अडला की जमलं. झाकण काढलं की आतून वाफ निघते, थंडीची.

मी गुलाबाचं करायचो. मोगऱ्याचं करायचो, संध्याकाळी उमललेली फुलं मडक्यातल्या पाण्यावर सोडून ठेवायची आणि सकाळी काढून घ्यायची, पाण्याला नुसता वास राहतो. फाल्गुनात संत्र्याचं, एकेका फोडीची साल आणि बी काढून, कारण बी चिरडलं की सगळं कडू. वैशाखात खरबुजाचं. सासूबाई म्हणायच्या, "जवाईबापू, तुम्ही काहून कष्ट करता? जवायानं सासरी बसून खावं." मी म्हणायचो, "राहू द्या मामीजी, हे दुसऱ्याले जमत नाही." आणि ते खरंच होतं.

सासरे वाटीभर खायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "गोड हाय."

सात वर्षं. दर वेळी, "गोड हाय." मला वाटायचं, पसंत पडलं. मग पुढच्या वेळी मी मूठभर साखर आणखी टाकायचो. साखर जास्त झाली की सरबत नीट जमत नाही, ढिलं राहतं, दांडा फिरवून फिरवून खांदे भरून येतात. तरी मी टाकायचो.

त्यात सहाव्या वर्षी धाकटीचं लग्न झालं. मुलगा टेसनावरच्या साहेबलोकांच्या खानपानगृहात कामाला होता. पांढरा कोट, पितळी बटणं, अंगानं काडीसारखा, आणि सदा हसणारा. मला सदा हसणारा माणूस पहिल्यापासून आवडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो सासरी आला तेव्हा मी गुलाबाचं सरबत काढत होतो. वाटीत पाहून तो म्हणाला, "वा साडूभाऊ, ह्या तं गारा पडल्या!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बागवाल्याच्या घरात गारांचं नाव कोणी काढत नाही. फाल्गुनात गारा पडल्या की झाडाला लागलेलं सगळं जमिनीवर येतं, वर्ष बुडतं. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, गेला हा. आता मामाजी, म्हणजे सासरे, याला धरतात.

मामाजी हसले. पोट धरून हसले. "आतापर्यंत वरच्यानं पाडल्या," ते म्हणाले, "आता आमचे जवाई पाडून राहिले. हे बरं हाय, बापा!"

इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही असं हसवलं नव्हतं. ठिणगी तिथे पडली.

त्याच साली माघात बागेला आंब्या बहर आला. संत्र्याची फुलं आली की बागेत तो वास इतका भरतो की दुपारी डोकं जड होतं. पहाटे झाडाखाली पांढरा सडा पडतो. ती फुलं हाराला चालत नाहीत, हात लावला की पाकळ्या गळतात. म्हणून आम्ही ती झाडून खताच्या खड्ड्यात टाकायचो. मी खराटा घेऊन झाडत होतो तेव्हा साडू सायकलवरून आला.

"साडूभाऊ, हे फुलं मले देता काय?"

"हे?" मी म्हणालो. "हार करता काय याचे? साहेबाच्या गळ्यात घालाले?"

"नाही जी. असेच."

"न्या ना. टोपलं भरून न्या. नाही तं खड्ड्यातच जातात."

त्यानं खांद्यावरचा पंचा झाडाखाली अंथरला आणि ताजी पडलेली तेवढीच, एकेक करून वेचली. असा रोज सकाळी आठ दिवस आला. मी माझ्या बायकोला हसत सांगितलं, "तुह्या बहिणीचा नवरा कचरा वेचून राहिला वं." ती हसली नाही.

पुढे जेठ महिना अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण असतं, अनारसे असतात, हे काही सांगायला नको. सासूबाईंनी दोन्ही जावयांना दशमीला बोलावलं. मी बर्फाची लादी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. मोगरा उत्तम निघाला होता. त्या दिवशी मी मोगऱ्याचं असं सरबत काढणार होतो की धाकट्या जावयानं नुसतं बसून पाहावं.

जेवण झालं. पाटावर मला आधी ओवाळलं, मग त्याला. हे मी नीट पाहिलं. मग मी बकेट घेऊन ओट्यावर बसलो. पाऊण घंटा फिरवलं. सगळ्यांना वाट्या दिल्या. मामाजींनी खाल्लं, मिशी पुसली आणि म्हणाले, "गोड हाय."

मी साडूकडे पाहिलं. तो म्हणाला, "फस्टकलास, साडूभाऊ." आणि मग म्हणाला, "बर्फ उरला असंन तं मीही थोडं करून पाहू काय? सामान आणलं हाय."

नाही कसं म्हणणार? सगळे बसलेले. मी म्हणालो, "पाहा ना. दांडा जड हाय मात्र."

त्यानं पिशवीतून एक झाकणबंद लोटा काढला. त्यात काळसर लाल पाणी होतं. सासूबाईंनी विचारलं, "हे काय जी?" तो म्हणाला, "चहा हाय, मामीजी. बिनदुधाचा. कोरा." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. त्या दिवसांत चहा घराघरात यायला नुकता लागला होता. कंपनीची गाडी पेठेत उभी राहून फुकट पाजायची, तरी म्हातारी माणसं त्याला काढा म्हणायची. मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणालो, "मोगऱ्याच्या मागून काढा! पचनाले चांगला."

त्यानं पण हसून घेतलं आणि फिरवायला बसला.

दुसऱ्याच्या हाताखाली आपली बकेट वाजते ना, तो आवाज कसा लागतो ते ज्याची बकेट आहे त्यालाच कळतं. मी मनात म्हणत होतो, अडू नको, जमू नको. आणि ते माझ्यापेक्षा लवकर जमलं. त्यानं साखर बेतानं घातली होती ना. तेव्हा मला हे कळलं नाही. मला वाटलं बकेटसुद्धा फितूर झाली.

वाटीत पाहिलं तर रंग मधासारखा. मामाजींनी चमचा तोंडात घातला आणि तसाच ठेवला. चमचा काढेनात. मला वाटलं कडू लागलं. मग त्यांनी मान वर केली, जणू बागेत कुठेतरी ऐकताहेत.

"माघ हाय हा," ते म्हणाले.

"काय जी?" सासूबाई म्हणाल्या.

"अवं, माघ महिना. बहर. आपल्या बागेतला हाय हा बहर." त्यांचा आवाज कसा तरी झाला. "जेठात कुठून आणला यानं?"

तेव्हा साडूनं सांगितलं. पानाचा चहा, चुरा नाही, पत्र्याच्या डब्यात एक थर चहाचा आणि एक थर फुलांचा. रोज सकाळी मलूल फुलं काढून टाकायची आणि ताजी घालायची. असे आठ दिवस. मग डबा मेणानं बंद. चहा फुलाचा वास धरून ठेवतो. "साडूभाऊनं टोपलंभर फुलं नेऊ दिले," तो म्हणाला, "म्हणून झालं."

त्यानं असं म्हणायला नको होतं. शिवी दिली असती तर मी सहन केली असती.

मामाजींनी वाटी पुढे केली. "आणखी हाय काय?"

सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा वाटी कधी पुढे केली नव्हती. त्या बागेत मी लहानपणापासून काम केलेलं नसलं तरी माझीही हयात फुलांत गेली होती. ती फुलं मी दर माघात पायाखाली तुडवली होती, खराट्यानं लोटली होती. आणि हा टेसनावर ताटं उचलणारा माणूस येतो आणि माझ्याच हातून ती नेतो. मी माझी वाटी खाली ठेवली. खाल्लं नाही. म्हणालो, दात दुखतो.

सरबत संपलं तसे मामाजी म्हणाले, "उद्याही करजा, जवाईबापू."

"उद्यापुरता चहा हाय, मामाजी," साडू म्हणाला. "मंग पुढच्या बहरालेच."

"उद्या एकादस हाय," सासूबाई म्हणाल्या.

"चहाले काय उपास लागते वं?" मामाजी म्हणाले. "उद्याले करजा."

आम्ही चौघेही मुक्कामाला राहिलो. सकाळपासून साडूनं चहा थंड पाण्यात भिजत घातला होता. उकळायचा नाही, उकळला की कडू येतो, असं तो माझ्या बायकोला सांगत होता. मीठ, बर्फ, सगळं त्यानं आणलं. मामाजी उपाशी होते, ते आणि सासूबाई दोघंही कडक उपासवाले. सकाळपासून वाटी आणि चमचा घेऊन ओट्यावर बसले होते. लहान लेकरासारखे. दर थोड्या वेळानं विचारायचे, "आवाज बदलला काय?"

मी खांबाला टेकून बसलो होतो. आणि त्या वेळी माझ्या डोक्यात ते आलं. कुठून आलं माहीत नाही. आलं ते चांगल्या जागेतून आलं नाही हे नक्की.

"मामीजी," मी म्हणालो, "एक विचारू काय?"

"विचारा ना."

"आज एकादस. मिठाचं काय?"

"कोणत्या मिठाचं?"

"बकेटीतल्या. खडेमीठ हाय ते. उपासाले सैंधव लागते ना?"

दांडा थांबला. साडू म्हणाला, "साडूभाऊ, मीठ भायेर हाय. सरबत अंदर, डब्यात."

"डब्याचं झाकण पक्कं बसत नाही," मी म्हणालो. "मी सात सालं फिरवून राहिलो, मले माहीत हाय. मिठाचं पाणी थोडंथोडं आत जातेच."

"थेंबभर गेलं असंन!" मामाजी ओरडले. "त्याले काय होते?"

"थेंब काय अन् घागर काय," सासूबाई म्हणाल्या. "उपास तो उपास. राहू द्या जवाईबापू, बंद करा ते."

जिंकलो. एवढंच मला तेव्हा वाटलं. पण ते पुरतं वाटूनही झालं नव्हतं, तर सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"मोठे जवाई," त्या म्हणाल्या, "मंग आखाडी एकादशीले तुम्ही दरसाल गुलाबाचं केलं ते?"

मी खांब सोडून उठलो.

"सात सालं तुम्ही आमाले काय खाऊ घातलं जी? हेच मीठ, हीच बकेट. तवा नाही सुचलं? का आजच सुचलं?"

सैंधव वापरलं असं खोटं सांगता आलं असतं, पण मीठ त्यांच्याच घरातल्या मडक्यातून काढलेलं. माझी बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडावर घेतला आणि आत गेली. साडू खाली बकेटीकडे पाहत होता. तो हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

सासूबाईंचा स्वभाव मोठा धर्माचा. सात आखाड्या मोडल्या म्हणून त्या दिवशी त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. आणि म्हणाल्या, "ही बकेट माह्या घरात नको. ज्याले पायजे त्यानं घेऊन जा." मी म्हणालो, "मी नेतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही."

साडूनं नेली. सायकलच्या मागे दोरीनं बांधून, त्याला संध्याकाळच्या पाळीवर जायचं होतं. डब्यातलं सरबत सासूबाईंनी पातेल्यात काढून ठेवलं होतं, बर्फ विरघळला तसं त्याचं पाणी झालं आणि द्वादशीला सकाळी त्यांनी ते मोगऱ्याच्या आळ्यात ओतलं.

पण हे मागचं. त्या दुपारी, हे सगळं चाललं असताना, मामाजी ओट्यावर तसेच बसले होते. त्यांना अर्धंच दिसे, आणि भांडण सुरू झालं की ते ऐकायचं बंद करत. सगळे आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय ठरलं गा शेवटी? भेटत नाही काय?" मीच तिथं होतो. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चमचा वाटीत ठेवला आणि वाटी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज न करता.

परतताना बैलगाडीत बायको म्हणाली, "तुमाले एक सांगू काय?"

"सांग."

"बाबाले गोड आवडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आवडतच नाही. लहानपणापासून. आमच्या घरी त्याईच्यासाठी पुरणसुद्धा कमी गुळाचं होते. ते सात सालं तुमाले सांगूनच राहिले होते. तुम्ही आणखी साखर टाकत गेले."

"मंग तू काहून नाही सांगतलं?"

"तुमाले कोणी काही सांगावं काय?" ती म्हणाली आणि बैलांकडे पाहत बसली.

त्यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. काही तरी चढ्या आवाजातच म्हणालो असणार.

पावसाळ्यानंतर साडूची बदली झाली, लांब बिलासपूरकडे. बकेट त्याच्याबरोबर गेली. मामाजी हिवाळ्यात खाटेला लागले. छातीत कफ, अन्न जाईना. जवळ बसलं की म्हणायचे, "बहर कधी येते?" दुसरं काही नाही. माघाची वाट पाहत होते, आणि मला ठाऊक होतं कशासाठी. साडू तर तिकडे.

माघात बहर आला. मी पहाटे बागेत गेलो, खराटा हातात. सडा पडला होता. बराच वेळ उभा राहिलो. मग खराटा झाडाला टेकवला, खांद्यावरचा पंचा काढला आणि झाडाखाली अंथरला. वाकून एकेक वेचताना कोणी पाहत नाही ना म्हणून मी दोनदा मागे पाहिलं.

पहिला डबा वाया गेला. मलूल फुलं रोज काढायची ते मी ऐकलं होतं, पण मला वाटलं दोन दिवसांनी काढली तर काय बिघडतं. चहाला बुरशी आली. बहर सरत आला होता. दुसरा डबा रोज पहाटे उठून केला. बायकोला काही विचारलं नाही. तीच एके दिवशी चूल फुंकत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बहीण सांगत होती, लिंबाचे चार थेंब पायजे. अन् साखर मोगऱ्याच्या निम्मी." मी ऐकलं नाही असं केलं.

चैत्रात ऊन तापलं तेव्हा मामाजींची खाट ओट्यावर आणली होती. बकेट नव्हती. मी मोठं मडकं घेतलं, त्यात बर्फ आणि मीठ, मध्ये पितळेचा डबा, आणि झाकणाच्या कडेला कणीक लावून घट्ट बंद. दांडा नाही, म्हणून डबा दोन्ही हातांनी धरून फिरवायचा, डावीकडे, उजवीकडे. मधून मधून उघडून काठाला जमलेलं खरडायचं. दीड घंटा लागला. बोटं बधिर झाली, मिठानं चिरा पडल्या. सासूबाई दारात येऊन पाहून गेल्या. त्यांनी तिथी विचारली नाही. मी सप्तमी पाहून ठेवली होती.

बायकोनं वाटीत काढलं आणि बापाच्या तोंडाशी चमचा नेला.

मामाजींनी डोळे मिटले. चमचा तोंडात तसाच राहिला. मी भिंतीपाशी उभा होतो, ओले हात धोतराला पुसत. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आले काय?" ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

"लहाने जवाई. बकेट घेऊन आले काय?" चेहऱ्यावर हसू आलं होतं, गारांच्या दिवशी आलं होतं तसंच. "भल्ला चांगला माणूस हाय वं. इतक्या दुरून आला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे तं..." ती बोलायला लागली. मी डोळ्यांनी नको म्हणालो. काहून म्हणालो ते मी अजून पुष्कळदा स्वतःला विचारतो. मोठ्या मनानं नाही. मी मोठ्या मनाचा नाही. मी जर म्हणालो असतो, हे मी केलं, तर ते म्हणाले असते, अस्सं काय. आणि ते हसू गेलं असतं. ते हसू त्याचं होतं. मी ते पाहून घेत होतो.

त्यांनी आणखी दोन चमचे खाल्ले. मग म्हणाले, "मोठे जवाई हायेत काय?"

"हावो, मामाजी."

"त्याईलेही द्या वं एक वाटी. त्या दिवशी त्याईनं खाल्लंच नव्हतं. दात दुखत होता ना त्याईचा." थोडा दम घेऊन म्हणाले, "खाऊन पाहा, जवाईबापू. अन् शिकून घ्या त्याच्यापासून. असं होते."

बायकोनं माझ्या हातात वाटी दिली. मी मामाजींच्या खाटेपाशी उकिडवा बसलो आणि खाल्लं. पूर्ण वाटी. बोटं इतकी बधिर होती की चमचा धरवेना. चांगलं होतं. साडूच्या हातचं मी त्या दशमीला चाखलंच नव्हतं, म्हणून तुलना करता येत नाही, पण मला वाटतं त्याच्यापेक्षा थोडं चांगलंच होतं.

"कसं हाय?" मामाजींनी विचारलं.

"तुम्ही म्हणता तसंच हाय," मी म्हणालो.

पुढच्या माघापर्यंत ते राहिले नाहीत. साडू तेराव्याला आला, आणि अंगणात चारचौघांत बसून म्हणाला, "मामाजीले शेवटी माह्या हातचं खाऊ घालता आलं नाही, साडूभाऊ." त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या बायकोनं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि पुढे तीस वर्षांत कधी नाही. सांगितलं असतं की त्यांनी खाल्लं, तुझं नाव घेऊन खाल्लं, तर त्याला किती बरं वाटलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणूनच नाही सांगितलं.